बांधवाडीच्या फळ्याची कैफियत

मित्रांनो, मला खडू लागून चार वर्षं उलटली. मी बांधवाडीच्या शाळेतला फळा. जात फणसाची, वय सत्तरीच्या आसपास, अंगाला चार भोकं आणि डाव्या कोपऱ्यात वाळवी. शाळेला कुलूप आहे आणि मी आत भिंतीवर आहे. आचऱ्याच्या खाडीकडे कधी आलात तर चिऱ्याची ही इमारत तुम्हाला दिसेल. ती शाळा आहे असं सांगणारी पाटी मात्र आता तिथे नाही, म्हणून मीच सांगतो.

माझ्या आधी बांधवाडीत शाळा नव्हती. मुलं तरीतून, म्हणजे माणसं नेणाऱ्या होडीतून, खाडी ओलांडून पलीकडच्या गावी शिकायला जात. पावसाळ्यात ती होडी बंद पडली की चार महिने घरी बसत. एका वर्षी वाडीने ठरवलं, की शाळा आपणच बांधायची. कोणी जागा दिली, कोणी चिरे दिले. मुंबईच्या गिरण्यांत कामाला असलेल्यांनी कौलं पाठवली. आनंदी नावाच्या बाईपाशी देण्यासारखं काहीच नव्हतं. परसात एक फणस होता, तेवढाच. ती बैठकीत उभी राहून म्हणाली, "माझो फणस कापा. पोरांक लिवाक फळो होयो मां?"

सुताराने त्या फणसाच्या पाच फळ्या काढल्या, महिनाभर खाडीच्या खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवल्या, सावलीत वाळवल्या आणि जोडल्या. बायकांनी कोळशाची पूड पाल्याच्या रसात खलून मला माखलं. चिरे वाहायला मुलंही होती. त्यांत भाई नावाचा आठ वर्षांचा मुलगा होता. अख्खा चिरा त्याला उचलत नसे, म्हणून तो फुटके तुकडे डोक्यावर घेऊन चढण चढायचा. मला भिंतीवर टांगलं त्या दिवशी आनंदी आली, तिने माझ्यावरून हात फिरवला आणि तळहाताला लागलेला काळा रंग पदराला पुसला. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं.

दोन वर्षांनी सरकारने शाळा आपल्या यादीत घेतली. सरकारचे मास्तर आले, सरकारची पुस्तकं आली, नकाशे आले. इमारत वाडीची आणि पगार सरकारचा, असं ते दोघांचं लेकरू होतं, आणि कित्येक वर्षं दोघांनीही ते सांभाळलं. पट साठाच्या वर गेला. माझ्यावर दोन रेघा मारून तीन वर्गांचं एकाच वेळी लिहावं लागे. दर दिवाळीच्या सुट्टीत पालक येऊन मला पुन्हा काळं करत. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, "असा गुळगुळीत फळा अख्ख्या तालुक्यात पाहिला नाही." त्या दिवशी मास्तरांनी मुलांना अर्धी सुट्टी दिली. माझ्यापुढे शिकलेली पोरं पुढे बोटीवर गेली, बँकेत गेली, काही स्वतःच मास्तर झाली.

घसरण कधी सुरू झाली ते मला नीट सांगता येत नाही. घरं तीच होती, पण घरांत मुलं कमी झाली. पट तिसावर आला तेव्हा दुसऱ्या शिक्षकाची जागा रद्द झाली. मग विनीताबाई आल्या. कुडाळकडच्या होत्या. चार वर्ग, आणि त्या एकट्या.

मित्रांनो, विनीताबाईंसारखं शिकवताना मी कोणाला पाहिलेलं नाही. पण त्यांना शिकवायला वेळ किती मिळायचा, हेही मी पाहिलं आहे. कधी मतदारयादीचं काम, कधी जनगणना, कधी तालुक्याला बैठक. खिचडीचा फोटो मोबाईलवरून पाठवायचा, हातधुण्याचा फोटो पाठवायचा, झाडं लावल्याचा फोटो पाठवायचा. रेंज नसे, म्हणून फोटो जाईपर्यंत त्या फोन उंच धरून आवारात फिरायच्या. आत मुलं पाटीवर मासे काढत बसायची. बाई बैठकीला गेल्या की त्या दिवशी शाळा बंद. आईबाप हे सगळं बघत होते. त्यांना बाईंचा राग नव्हता, पण बंद दार रोज दिसतंच.

त्याच सुमारास एक संस्था आली. चांगली माणसं होती, मनापासून आली होती. त्यांनी शाळेला भिंतीवरचा मोठा पडदा दिला. त्यावर चित्रं हलायची, कविता गायची. पडदा कुठे बसवायचा, हा प्रश्न आला तेव्हा मुलांसमोरची भिंत एकच होती आणि तिच्यावर मी होतो. त्यांनी माझ्यातच चार भोकं पाडली आणि पडदा माझ्यावर ठोकला. फीत कापली, फोटो काढले. तीन महिने मुलं खूश होती. मग खारी हवा आत शिरली, पडद्यावर हिरवी रेघ आली, आणि एक दिवस तो काळा पडला. बाईंनी संस्थेला फोन केला. ते म्हणाले, "आमचं काम देण्यापुरतं. दुरुस्ती शासनाकडे." शासनाकडून उत्तर आलं, वस्तू देणगीची आहे, दुरुस्ती देणगीदाराने करावी. वर्षभर बाई माझ्या उरलेल्या कडेवर हातभर जागेत लिहीत होत्या. शेवटी त्यांनीच पान्याने तो पडदा उतरवला.

पडदा उतरवला त्याच वर्षी दिव्या पहिलीत आली होती. तुळसाची मुलगी. तुळसा मासे विकायची, नवरा नव्हता. पहाटे बंदरावर जायची आणि डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरायची. दिव्याला सगळे मठ्ठ म्हणत. पुढे बोलावलं की ती माझ्या इतकी जवळ येई की तिचं नाक मला लागे आणि नाकाला खडू लागे. मुलं हसत. बाईंनी आठ दिवस पाहिलं. मग तुळसाला बोलावून त्या म्हणाल्या, "तुळसाबाई, दिव्या हुशार आहे. तिला दिसत नाहीये."

तुळसा घाबरली. "दिसना नाय? बाई, ता भिंतीर चढता, कुर्ल्यो पकडता!"

"जवळचं दिसतं. लांबचं नाही. फळा दिसत नाही."

मालवणला दुसऱ्या एका संस्थेचं डोळे तपासायचं शिबिर होतं. बाई रविवारी स्वतः तिला घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी जाड काचेचा चष्मा आला. तो घालून दिव्या वर्गात शिरली, दारातच थांबली, माझ्याकडे बघून ओरडली, "बाई! फळ्याक चार भोकां आसत!"

बाई हसल्या आणि मग डोळे पुसू लागल्या. त्या दिवसापासून ती मुलगी मागच्या भिंतीला टेकून मला वाचत असे. तिसरीत गेली तोवर चौथीचं पुस्तक तिने संपवलं होतं. संस्थांबद्दल मी मघाशी कडू बोललो, म्हणून हेही सांगून टाकलं.

मग पिवळी गाडी आली. हमरस्त्यावर नवी इंग्रजी शाळा निघाली होती. तिची माणसं घरोघर पत्रकं वाटत फिरली. पहिलं वर्ष गाडी मोफत, दप्तर मोफत, टाय मोफत. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष गुरुप्रसाद याचा मुलगा आमच्याकडे दुसरीत होता. गुरुप्रसादचं किनाऱ्यावर दोन खोल्यांचं पर्यटकांचं निवासस्थान होतं. तो दाखला मागायला आला तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्हीच काढलात तर बाकीचे थांबतील का?"

गुरुप्रसाद बाकाच्या कडेवर नख घासत म्हणाला, "बाई, तुमचा शिकवना वायट नाय. तुमका शिकवक देतत खंय, ता सांगा. माझ्याकडे पावणे येतत, इंग्रजी बोलतत, मी नुसतो मान हलवतंय. झिलान तरी मान हलवू नये."

त्यांनी दाखला लिहून दिला. तो खोटं बोलत नव्हता, मित्रांनो. त्या वर्षी ज्यांनी ज्यांनी दाखले नेले त्यांच्यातलं कोणीच खोटं बोलत नव्हतं. दोन वर्षांत पट तिसावरून तीनवर आला. दिव्या, आणि आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्या नेपाळी माणसाची दोन मुलं.

तालुक्याहून पत्र आलं. कमी पटाच्या शाळांची यादी निघाली होती आणि तिच्यात बांधवाडी होती. मुलांना खाडीपलीकडच्या शाळेत सामावून घ्यायचं होतं. वाडी खवळली. ज्यांची मुलं पिवळ्या गाडीतून जात होती तीही खवळली. माझ्यापुढेच सभा भरली. पन्नासेक माणसं, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर काढून बसलेली. तालुक्याचे साहेब आले होते. पन्नाशीचे, थकलेले, हातात फाईल.

भाई उठला. तोच, फुटके चिरे वाहणारा. आता पंचाहत्तरीचा, हातात काठी. "साहेब, ही शाळा आमी बांधली. आमच्या बापूस-आजांनी चिरो चिरो डोक्यार हाडलो. तुमी फक्त मास्तर दिलास. मगे बंद करूचो हक्क तुमका कोणी दिलो?"

टाळ्या पडल्या. बाई दाराशी उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी आशा दिसली.

साहेबांनी टाळ्या संपू दिल्या. मग शांतपणे म्हणाले, "भाई, तुमचं बरोबर आहे. मीही अशाच शाळेत शिकलो. यादी मी केलेली नाही, आणि मी सही केली नाही तर दुसरा कोणी करील. तरी मी वर लिहून बघतो. फक्त मला एक लिहू द्या. या वाडीत शाळेत जाणारी मुलं किती?"

"चोवीस," कोणीतरी म्हणालं.

"ज्यांची मुलं या शाळेत येतात त्यांनी हात वर करा."

तुळसाने हात वर केला. मागे दाराजवळ उभ्या असलेल्या नेपाळी राखणदाराने, आपण करायचा की नाही अशा विचारात, खांद्यापर्यंत हात नेला. बस्स. भाई अजून उभाच होता. त्याच्या नातवाला, यज्ञेशला, त्या दिवशी सकाळी गळ्यात टाय बांधून त्यानेच गाडीपर्यंत सोडलं होतं. तो साहेबांकडे बघत राहिला, मग बाकाचा आधार घेत खाली बसला. साहेबांनी मान वर न करता फाईल बंद केली.

"वीस असते," ते जाताना बाईंना हळूच म्हणाले, "तर मला लढता आलं असतं."

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी बाईंनी तिन्ही मुलांना गोष्ट वाचून दाखवली. दिव्याला स्वतःजवळची चार पुस्तकं दिली. मुलं गेल्यावर त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, कोपरे सुद्धा. मग कुलूप लावलं. किल्ली तालुक्याला जमा झाली आणि बाईंची बदली पार घाटाच्या पायथ्याला झाली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. शाळेच्या ओट्यावर वाडी अजून टेकते. मासेवाल्या बायका टेम्पोची वाट बघत तिथे बसतात आणि खिडकीच्या फटीतून मला सगळं ऐकू येतं.

नेपाळी राखणदार मुलांना घेऊन दुसऱ्या बागेत गेला. दिव्या चौथीसाठी खाडीपलीकडे जाऊ लागली. जूनमध्ये होडी बंद झाली. रस्त्याने वळसा घालून जायचं तर सहा किलोमीटर, आणि तुळसा पहाटेच घराबाहेर पडलेली. प्रवासाचा भत्ता मिळणार होता. तो आला, पण एकदाच, पावसाळा संपल्यावर. दिव्या चार महिने घरी राहिली. दिवाळीनंतर गेली तेव्हा वर्ग बराच पुढे गेला होता. पाचवीच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. मधल्या काळात तिच्या चष्म्याचा नंबर वाढला, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तिथल्या गुरुजींकडे पंचेचाळीस मुलं होती. त्यांनी तिला मागे बसवलं, कारण ती उंच होती. एका सकाळी मी ओट्यावर तुळसाचा आवाज ऐकला.

"जायत नाय म्हणता. थंय माका कायच समजना नाय, म्हणता. मी काय करू? मारू तिका?"

"मारून काय होतला?" दुसरी म्हणाली. "ऱ्हवांदेत घराक. कोळंबी सोलूक तरी होतली."

तशी दिव्या घरी राहिली. त्या वर्षी शाळा न शिकणाऱ्या मुलांची मोजणी करायला एक जण आला. ओट्यावर बसूनच त्याने कागद भरला. शेजारच्या दुकानदाराला तो वाचून दाखवत होता, "बांधवाडी. शाळाबाह्य मुले, निरंक." दिव्याचं नाव खाडीपलीकडच्या हजेरीपटावर अजून होतं ना, म्हणून.

आणि पिवळी गाडी? आमचं दार बंद झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी ती वाडीत यायची थांबली. रस्ता खराब, मुलं फार नाहीत, परवडत नाही, असं शाळेने कळवलं. मुलांना हमरस्त्यापर्यंत तुम्ही आणून सोडा, आणि फीसुद्धा आता पूर्वीची नाही. आधी गाडी मोफत होती, कारण आधी समोर दुसरी शाळा होती. हे गणित मला तेव्हा कळलं. वाडीलाही तेव्हाच कळलं. ज्यांची ऐपत होती त्यांनी मालवणात खोल्या घेतल्या. यज्ञेश मामाकडे गेला. काहींनी मुलांना मोटरसायकलवरून न्यायला सुरुवात केली. उरली ती अगदी लहान.

गुरुप्रसादने मग पुढाकार घेतला. साहेब एका कामासाठी वाडीत आले होते, त्यांना त्याने ओट्यावरच गाठलं. त्याच्या हातात घरोघर जाऊन केलेली यादी होती.

"साहेब, पुढच्या जूनसाठी एकवीस पोरां आसत. नावानिशी. मालवणक गेलेली दोन घरां परत येवक तयार आसत. माझोय धाकटो झील आसा ह्यात. आता शाळा उघडा."

साहेबांनी यादी वाचली. सगळी वाचली, शेवटचं पान उलटल्याचाही आवाज मला आला. मग म्हणाले, "गुरुप्रसाद, प्रत्येक शाळेला एक क्रमांक असतो. तुमच्या शाळेचा क्रमांक रद्द झाला. कागदावर ही शाळा आता नाही. बंद झालेली शाळा उघडायचा आदेश माझ्याकडे नाही. नवीन शाळा मागायची तर मागा, पण पलीकडे शाळा आहे, त्यामुळे मंजुरी मिळणार नाही."

"पण इमारत ही काय, उभी आसा! फळो पण आत आसा!"

"इमारत असणं म्हणजे शाळा असणं नव्हे," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. "निवडणुकीला लागते म्हणून इमारत ठेवली आहे."

ते खरं होतं. मतदानाच्या दिवशी कुलूप उघडतं. खोली झाडतात, टेबलं मांडतात, माझ्या अंगावर सूचनांचे कागद चिकटवतात. दिवसभर वाडीतली सगळी माणसं माझ्यापुढे रांगेत उभी राहतात, बोटाला शाई लावतात आणि जातात. संध्याकाळी पुन्हा कुलूप. कागद काढायला कोणी थांबत नाही. मागच्या खेपेचे अजून माझ्यावर आहेत आणि त्यांच्या गोंदाला वाळवी लागली आहे.

आता शेवटचं सांगतो आणि तुम्हाला मोकळं करतो.

गेल्या महिन्यापासून संध्याकाळी ओट्यावर लहान मुलांचे आवाज येतात. आया पर्यटकांच्या निवासस्थानांत कामाला जातात आणि पोरं दिव्याच्या हवाली करतात. तेरा वर्षांची दिव्या त्यांना शिकवते. फरशीवर कोळशाने लिहिते. पहिल्या दिवशी तिचा आवाज ऐकून मला किती आनंद झाला ते तुम्हाला सांगता येणार नाही. मुळाक्षरं ती अचूक शिकवते. जोडाक्षरं सुद्धा. वेलांटी कुठली, हे विनीताबाईंसारखं बोट हवेत फिरवून सांगते, असं मुलांच्या बोलण्यावरून कळतं.

काल तिने अपूर्णांक घेतले.

"एक छेद तीन," ती म्हणाली. "आणि ह्यो एक छेद चार. खालचो खंयचो आकडो मोठो?"

"चार!" मुलं म्हणाली.

"मगे दोघांतलो मोठो खंयचो?"

"एक छेद चार!"

"शाब्बास. परत म्हणा."

मुलांनी परत म्हटलं. तिने पाच वेळा म्हणून घेतलं. तिला शंका आली नाही, कारण तो धडा वर्गात झाला तेव्हा होडी बंद होती आणि ती घरी कोळंबी सोलत होती. मी भिंतीवर होतो, दार बंद होतं. माझ्यावर हजार वेळा लिहिलेलं उत्तर मला येत होतं, आणि मला तोंड नाही. मित्रांनो, कुलूप, वाळवी, भोकं, हे सगळं मी सोसलं. कालची संध्याकाळ मला सोसली नाही.

तुमच्या वाडीतली शाळा अजून उघडी असेल तर आज तिच्यात जाऊन या. बाई का आल्या नाहीत ते बाईंना विचारू नका, ज्यांनी त्यांना दुसऱ्या कामाला जुंपलं त्यांना विचारा. काही देणार असाल तर दिल्यावर वर्षाने पुन्हा जाऊन बघा, की ते चालतं का. आणि आपलं मूल तिथून काढताना, मागे कोण उरतं त्याचं नाव एकदा माहीत करून घ्या. मला पुन्हा काळं करा असं मी म्हणत नाही. माझं लाकूड आता तेवढं टिकणारही नाही.

पण संध्याकाळी आमच्या बांधवाडीच्या बाजूने जाणं झालं, तर ओट्यावर क्षणभर थांबा. सोबत दोन भाकऱ्या घ्या. जाड काचेच्या चष्म्यातली एक उंच मुलगी तिथे बसलेली असेल. तिच्यासमोर एका भाकरीचे तीन तुकडे करा आणि दुसरीचे चार, आणि एकेक तुकडा तिच्या हातात द्या. तिच्या अगदी जवळ धरा, तिला लांबचं दिसत नाही. बाकी काही समजावावं लागणार नाही. तिला लगेच कळेल.